बियाण्याआधी शेत पाहा

गोव्यात माणसांच्या स्वभावावरचा वाद फार लांबत नाही. कोणीतरी "ते रक्तातच असतं" म्हणतो आणि विषय मिटतो. केरीच्या, कुर्डीच्या, मंगेशीच्या गाण्याबद्दल हे वाक्य छाती फुगवून म्हटले जाते. रोज तिन्हीसांजेला झिंगून घरी येणाऱ्या माणसाच्या मुलाबद्दल तेच वाक्य आवाज उतरवून म्हटले जाते. सोयरीक जमवताना ते मावश्या-आत्यांच्या तोंडी असते, आणि कुठे घरफोडी झाली की घाटावरून कामाला आलेल्यांच्या अख्ख्या वस्तीला ते चिकटवले जाते.

हे वाक्य साफ खोटे असते तर बरे झाले असते, दोन ओळींत खोडून मोकळे होता आले असते. पण माणसामाणसांतल्या वागण्याच्या फरकांमागे आनुवंशिकतेचा मोठा हात असतो, याचा पुरावा आज भक्कम आहे. तो नाकारणारे माझे काही पुरोगामी मित्र हकनाक हरणारी लढाई लढत बसले आहेत. माझे भांडण त्या वाक्यानंतर येणाऱ्या वाक्याशी आहे: "मग करून काय उपयोग?" पुराव्यातून निघतो तो निष्कर्ष याच्या नेमका उलटा आहे. आनुवंशिकतेचा वाटा जेवढा मोठा मानाल, तेवढी भोवतालाची जबाबदारी वाढते, आणि भोवताल ज्यांच्या हातात आहे ते सरकार, पंचायत, शाळा यांना अंग काढून घेता येत नाही.

गाण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे आपला अभिमान गुंतलेला आहे. केसरबाई केरकर १८९२ साली फोंडा तालुक्यातल्या केरीत जन्मल्या. मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली कुर्डीत. ते गाव आता साळावली धरणाच्या पोटात असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही दिवस वर येते. दोघी कलावंत समाजातल्या, दोघींना तालीम अल्लादिया खाँ यांची. मोगूबाईंची मुलगी किशोरी आमोणकर. एवढे सांगून झाले की समोरचा म्हणतोच, बघा, आईचे रक्त! पण किशोरीताईंना आईकडून जसे रक्त मिळाले तशी तालीमही मिळाली. घरातला रियाझ, घरातली शिस्त, चुकीच्या सुराला तिथल्या तिथे अडवणारा कान, सगळे त्याच एका आईकडून. आई आणि मूल यांच्यातले साम्य कितीही ठळक असो, त्यातले जन्माचे किती आणि जडणघडणीचे किती हे नुसत्या साम्यावरून कधीच सांगता येत नाही. आणि खाँसाहेबांचे तर केरी-कुर्डीशी रक्ताचे काहीच नाते नव्हते. त्यांची गायकी या दोघींच्या गळ्यात उतरली ती गंडा बांधून, म्हणजे रीतसर शिष्यत्व पत्करून.

शिवाय आपण मोजतो ते फक्त गाजलेल्यांना. देवळांशी बांधलेल्या त्या समाजात गाणाऱ्या होत्या तशा दिवे लावणाऱ्या होत्या, झाडलोट करणाऱ्या होत्या, पालखीपुढे वाजंत्री वाजवणारे होते. ज्यांचा गळा बेताचा होता त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. गाणे जन्मापासून कानावर आणि पोट भरायच्या बाकीच्या वाटा बंद, अशा अवस्थेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसांतून चार अलौकिक आवाज निघाले, तर त्यावरून रक्ताचा हिशेब मांडता येत नाही. पुढे याच समाजाने विसाव्या शतकात गोमंतक मराठा समाज म्हणून स्वतःला नव्याने उभे केले, मुलींना देवळाशी बांधायची चाल मोडली, पोरांना शाळेत घातले. दोन-तीन पिढ्यांत तिथून डॉक्टर, वकील, प्राध्यापक निघाले. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरही याच समाजातले. देवळाचे महाजन आणि गावचे भाटकार, म्हणजे जमीनदार, ज्यांना "यांच्या रक्तात नाचगाण्यापलीकडे काही नाही" असे समजत होते, त्यांचीच ही नातवंडे. तेवढ्या अवधीत जनुके बदलत नसतात.

इथवर वाचून "सगळे संस्कारांवर असते" म्हणणारे खूश झाले असतील. त्यांच्यासाठी स्वीडनमधला एक अभ्यास. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात साडेदहा हजारांवर जुळ्यांना त्यांनी संगीताच्या सरावाला किती वेळ दिला ते विचारले, आणि सूर, लय, चाल यांतले फरक ओळखण्याची त्यांची क्षमता तपासली. सराव करत राहण्याची प्रवृत्तीच बऱ्याच अंशी आनुवंशिक निघाली. अंदाज ४० ते ७० टक्के. त्याहून खटकणारी गोष्ट अशी की एकसारख्या जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त सराव केलेला असला, तरी कानाच्या परीक्षेत तो पुढे नव्हता. अर्थात तिथे कान तपासला होता, मैफल नाही. यमन मांडून तासभर माणसे बसवून ठेवायला काय लागते, ते त्या चाचणीत येत नाही. तरी रियाझाला बसवले की कोणीही गाईल, ही समजूत यापुढे टिकत नाही. ज्याला कान आहे ते पोर आपण होऊन गाण्याच्या जागा शोधते, जत्रेच्या नाटकात पेटीवाल्याला चिकटून बसते, मास्तरांच्या मागे लागते. म्हणजे जनुके माणसाला भोवताल निवडायलाही लावतात. हे दोन्ही धागे इतके पिळलेले असतील तर वेगळे काढायचे कसे?

त्याची एक रीत जुळ्यांनीच दिली. डार्विनचा नातलग फ्रान्सिस गॉल्टन याने १८७५ मध्ये जुळ्यांकडे या नजरेने पाहिले. (याच गृहस्थाने १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला, म्हणजे निवडक माणसांच्या पैदाशीतून वंश "सुधारण्याच्या" विचाराला, त्याचे इंग्रजी नाव दिले, आणि पुढच्या साठ वर्षांत त्या नावाखाली जे झाले ते लक्षात ठेवूनच हा विषय हाताळावा लागतो.) आजची रीत अशी: एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सगळी समान, भिन्न जुळ्यांची सख्ख्या भावंडांसारखी सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात वाढतात. मग एखाद्या गुणात एकसारखी जुळी भिन्न जुळ्यांहून जेवढी अधिक जवळ, तेवढा जनुकांचा वाटा मोठा. २०१५ मध्ये अशा पन्नास वर्षांच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. अभ्यासल्या गेलेल्या जोड्यांची बेरीज १ कोटी ४५ लाखांवर, काही जोड्या एकाहून जास्त वेळा आलेल्या, गुणधर्म १७,८०४. सगळ्यांची सरासरी काढली तर माणसामाणसांतल्या फरकांपैकी ४९ टक्के फरक आनुवंशिक निघाला.

इथे आपण घसरतो. ४९ टक्के म्हणजे तुमच्या रागातला ४९ टक्के राग वडिलांकडून आला, असा अर्थ नाही. हा आकडा एका माणसाबद्दल काहीच बोलत नाही. विशिष्ट लोकसमूहात, विशिष्ट काळी, विशिष्ट परिस्थितीत जे फरक दिसतात, ते कशामुळे पडले एवढेच तो सांगतो. हाताला पाच बोटे असणे पूर्णपणे जनुकांचे काम. पण गावात कोणाला चार बोटे आहेत असे शोधायला निघालात, तर बहुतेक वेळा करवत, फटाका किंवा यंत्र सापडेल. म्हणजे बोटे जन्माची, आणि बोटांच्या संख्येतला फरक मात्र बहुतांशी अपघाताचा. तेव्हा आनुवंशिकतेचा आकडा लहान असला तरी जनुकांचे काम लहान ठरत नाही, आणि आकडा मोठा असला म्हणून ती गोष्ट अटळही ठरत नाही.

ज्याने शेत केले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे नदीकाठची खाजने आहेत: बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानशीची दारे. तिथे पूर्वापार कोरगुट हे भात पेरतात, कारण खार सोसण्याचा गुण त्या बियाण्यात आहे. खेर जमिनीत, गोड पाण्यावर, जया किंवा ज्योती ही सुधारित जात कोरगुटाला सहज मागे टाकते. तीच ज्योती खार चढलेल्या खाजनात पेरली तर करपते आणि कोरगुट उभे राहते. आता सांगा, चांगले बियाणे कोणते? शेत सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. वागणुकीच्या शास्त्रात गेल्या काही दशकांत जे काम झाले, त्याचा बराच भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो.

याच अंगाने रिचर्ड लेवोंटिन या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक युक्तिवाद मांडला होता. निमित्त होते गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या बुद्ध्यंकातला फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक असावा, असे आदल्या वर्षी आर्थर जेन्सन यांनी सुचवले त्याचे. लेवोंटिनचा युक्तिवाद आपल्या मातीत आणून सांगतो. मिसळीच्या बियाण्याच्या एकाच पोत्यातून दोन मुठी घ्या. एक मूठ चांगल्या वाफ्यात पेरा, जिथे प्रत्येक रोपाला खत-पाणी तंतोतंत सारखे. दुसरी अशाच सारख्या, पण निकस वाफ्यात. पहिल्या वाफ्यात रोपे लहान-मोठी होतील. मशागत सारखीच असल्यामुळे तो फरक शंभर टक्के बियाण्याचा. दुसऱ्यातही तसेच. आणि दोन वाफ्यांच्या सरासरीतला फरक? तो शंभर टक्के मातीचा, कारण पोते एकच होते. गटाच्या आतला फरक पूर्ण आनुवंशिक असूनही दोन गटांमधल्या फरकात आनुवंशिकतेचा अंशही नाही, असे असू शकते. "अमक्या जातीची पोरे हुशार, तमक्यांची मठ्ठ, शास्त्रानेच सांगितले आहे" असे सांगणारे भेटले की मी त्यांना हे दोन वाफे ऐकवतो. ऐकून गप्प बसतात असे नाही, पण शास्त्राचे नाव तरी पुन्हा घेत नाहीत.

याचे आपल्याच घरातले उदाहरण घ्या. मुक्तीच्या वेळी, १९६१ च्या सुमारास, गोव्यात साक्षरता ३० टक्क्यांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती ८८ टक्क्यांच्या वर गेली. बांदोडकरांच्या काळात वाड्यावाड्यावर मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. काही देवळाच्या अग्रशाळेत भरत, काही कोणाच्या ओसरीवर. आज कोणत्या मुलाला वाचन लवकर येते आणि कोणाला उशिरा, या फरकात जनुकांचा वाटा आहे, तो नाकारायचे कारण नाही. पण आजी अंगठा उठवत होती आणि नात पीएचडी करते, या फरकात तो नाही. माणसाच्या उंचीतले सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक मानले जातात. तरीही दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटीमीटरने वाढली. जनुके तीच होती, ताट बदलले.

यातून एक गमतीशीर गोष्ट निघते. सगळ्या मुलांना सारखे पोषण, सारखी शाळा, सारखे शिक्षक मिळाले तर उरलेला फरक जनुकांचाच असणार. म्हणजे आनुवंशिकतेचा आकडा वर जाईल. मोठा आकडा हा कधीकधी न्याय्य व्यवस्थेचा पुरावा असतो. एरिक टर्कहायमर यांनी २००३ मध्ये सात वर्षांच्या अमेरिकन जुळ्यांचा अभ्यास मांडला. सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकातला फरक बहुतांशी आनुवंशिक होता. अगदी गरीब घरांत तो वाटा जवळजवळ शून्यावर आला आणि घरच्या परिस्थितीचा वाटा वर गेला. पुढे अमेरिकेतल्या इतर अभ्यासांत हा कल दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. तिथे गरिबाच्या पोरालाही दवाखाना आणि बरी शाळा मिळते, हे त्याचे एक कारण असू शकते. मला यात जे दिसते ते असे: खाजनाचा बांध फुटला की कोणत्या ओंबीत किती दाणे भरले असते हा प्रश्नच उरत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे. सगळे भोवतालावर टाकणे हे माणुसकीचे वाटते, पण ते तितकेच क्रूर होऊ शकते. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) येते ती आईच्या थंडपणामुळे, असे अमेरिकेत मोठमोठी माणसे सांगत होती. ब्रुनो बेटेलहाइम यांनी ही कल्पना घरोघर पोहोचवली. आधीच खचलेल्या आयांच्या डोक्यावर अपराधाचे ओझे चढले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला: एकसारख्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न, भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. जनुकांचा पुरावा आला आणि त्या आयांच्या मानेवरचा सुरा निघाला. आपल्याकडे तो अजून पुरता निघालेला नाही. मूल उशिरा बोलले, वर्गात बसेना, कोणात मिसळेना, की घरातली वडीलधारी पहिले बोट सुनेकडे दाखवतात. तिथे "अहो, हे जन्मतःच असतं" हे वाक्य मी स्वतः मोठ्या आवाजात म्हणेन.

जन्मतः असणे म्हणजे इलाज नसणे, हा गैरसमज मात्र तिथेही पाठ सोडत नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार पूर्णपणे जनुकातल्या दोषाचा. लक्ष न दिल्यास मेंदूची वाढ खुंटते. आणि उपाय? जन्मल्यावर रक्ताची तपासणी, आणि फिनाइलअॅलॅनिन हा घटक बेताचा असलेला आहार. कारण शंभर टक्के रक्तात, उपाय थेट जेवणात.

मधल्या काळात एक बाजारही उभा राहिला आहे. बोटांचे ठसे घेऊन मूल डॉक्टर होईल की कलाकार, हे सांगणाऱ्या चाचण्या हजारो रुपयांना पालकांच्या गळ्यात मारल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. याहून जास्त जागा त्यांना देत नाही. "रागाचे जनुक", "दारूचे जनुक" अशा बातम्याही त्याच पंगतीतल्या. वागणुकीवर एकेका जनुकाचा परिणाम कणभर असतो आणि असे कण हजारोंनी असतात. २०२२ मध्ये ३० लाख माणसांच्या जनुकांची शिक्षणाच्या वर्षांशी सांगड घालून पाहिली, तेव्हा जनुकसंचात संबंध दिसणारी जवळजवळ ४,००० ठिकाणे सापडली. साऱ्या जनुकसंचातले भेद एकत्र धरून मांडलेल्या कोष्टकानेही शिक्षणातल्या फरकाचा १२ ते १६ टक्के भागच सांगता आला. तोही युरोपीय वंशाच्या लोकांपुरता. ते कोष्टक दुसऱ्या लोकसमूहाला लावले की लंगडते. इतकेच नाही. आइसलंडमधल्या २०१८ च्या अभ्यासात आईबापांची जी जनुके मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला. आलीच नाहीत तर परिणाम कसा झाला? आईबाप जसे आहेत तसे घर त्यांनी केले, आणि मूल त्या घरात वाढले.

एवढे सगळे लक्षात घेऊन आता "घाटी" लोकांबद्दलच्या बोलण्याकडे वळू. मुंबईच्या बाजूला याच शब्दाने आपल्यापैकी कितीजणांना हिणवले गेले असेल, ते क्षणभर बाजूला ठेवा. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, पास, काटेरी कुंपणाच्या वसाहती. स्वतंत्र भारताने तो शिक्का पुसला तो १९५२ साली. गोवा पोर्तुगीजांकडे असल्यामुळे तो कायदा इथे आला नाही, पण तो विचार घाट उतरून केव्हाच आला आहे. बायणा, मोती डोंगर, चिंबल, नुसते वस्तीचे नाव घेतले तरी पुरते. खरे तर गुन्ह्याचा जगभरचा सगळ्यात ठळक जैविक खुणेचा माणूस कोण, तर तरुण पुरुष. कुठल्याही देशाचे तुरुंग पाहा. पण तरुण पुरुषांचीच पोलिसांकडून सरसकट पडताळणी करा, असे आपण म्हणत नाही, कारण त्यात आपले मुलगे येतात. घरापासून शेकडो मैल दूर, पत्र्याच्या खोपटात, ठेकेदाराच्या मर्जीवर राहणाऱ्या वीस वर्षांच्या पोरांमध्ये आणि फोंड्यात आईच्या हातचे जेवणाऱ्या वीस वर्षांच्या पोरांमध्ये जो फरक दिसेल, तो दोन वाफ्यांमधला फरक आहे.

आणि शेवटी दारू, कारण या प्रश्नावर गोव्याइतके बोलायचे कारण देशात फार थोड्या राज्यांना असेल. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा, यावर आज बऱ्यापैकी एकमत आहे. डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास मांडला. जन्मदात्यांपैकी एकजण व्यसनी होता अशी ५५ मुले लहानपणीच दुसऱ्या घरात वाढली होती. मोठेपणी त्यांतली १८ टक्के व्यसनी निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या ७८ दत्तक मुलांत हे प्रमाण ५ टक्के. व्यसनी बापाचे तोंडही न पाहिलेल्या मुलांत धोका साडेतीनपट. हा रक्ताचा पुरावा आहे आणि मला तो मान्य आहे. पण तोच आकडा उलटा वाचा: त्या ५५ पैकी ४५ व्यसनी झाले नाहीत. ज्या पोराला आपण गावात "बापाच्याच वळणावर जाणार" म्हणतो, त्याच्या बाजूने पाचास चार अशी शक्यता होती. अर्थात ती शक्यता तो दुसऱ्या घरात वाढला तर. आपल्याकडे तो त्याच घरात वाढतो, आणि घराच्या कोपऱ्यावर तावेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, असते.

जपानचा दाखला याहून बोलका आहे. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांत एक जनुकभेद असतो, त्यामुळे दारू घेतली की चेहरा लाल होतो, मळमळते, छाती धडधडते. व्यसनापासून वाचवणारे निसर्गाचे याहून चांगले कवच माहीत नाही. १९७९ मध्ये जपानमधल्या व्यसनी रुग्णांत हा भेद आईबापांपैकी एकाच बाजूने आलेले फक्त २.५ टक्के होते. १९८६ मध्ये ते ८ टक्के झाले, १९९२ मध्ये १३. तेरा वर्षांत जपान्यांची जनुके बदलली नाहीत. बदलले ते ऑफिस सुटल्यावर साहेबाबरोबर प्यायला बसण्याचे दडपण, बदलला खिशातला पैसा. निसर्गाने दिलेले कवचसुद्धा भोवतालाने फोडले. मग ज्यांना कवच नाहीच, उलट ओढ आहे, त्यांचे काय होत असेल?

माझ्या म्हणण्याचा मुद्दा इथे आहे. दारूबद्दल सगळे सारखेच असते, तर कोपऱ्यावरचा बार सगळ्यांना सारखाच बाधला असता. पण आपण सारखे नाही. कोणी काजूच्या हंगामात हौसेने हुर्राक घेतो आणि पुढचे दहा महिने आठवणही काढत नाही. कोणाचा तो पहिला घोट शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. ज्यांच्यात ओढ जन्माची आहे त्यांना स्वस्त, सहज आणि चोवीस तास समोर असलेली दारू कितीतरी पटीने महाग पडते. तेव्हा "रक्तातच आहे" हे मानणाऱ्याने बारच्या संख्येबद्दल इतरांपेक्षा जास्त आग्रही असायला हवे. प्रत्यक्षात हेच लोक "प्यायचे तो कुठूनही आणून पिणार" म्हणून मोकळे होतात.

आणि काही करता येते का? येते, आणि ते गोव्यातच करून पाहिले आहे. संगाथ या गोव्यात सुरू झालेल्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टर नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक आणि जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले १८ टक्के होते, समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के. पिणे घातक पातळीच्या खाली आलेले २६ विरुद्ध ३६ टक्के. वर्षानंतरही फरक टिकून होता. या माणसांची जनुके कोणी तपासली नव्हती, तपासायची गरजही नव्हती. कोणी म्हणेल, ३६ टक्के म्हणजे ६४ टक्के तसेच राहिले. खरे आहे. पण चार बैठकांच्या खर्चात एवढा फरक पाडणारे दुसरे काय आपल्या आरोग्यखात्याकडे आहे?

मग अशा समुपदेशकाची जागा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायमची का नसावी? अबकारी उत्पन्नाचा थोडासा हिस्सा त्यासाठी बाजूला काढायला कोणते जनुक आड येते? शाळेपासून, देवळापासून १०० मीटरच्या आत दारूचा परवाना देऊ नये असा नियम आपल्याकडे आहे, आणि पर्यटनाच्या नावाने त्याला पळवाटाही ठेवलेल्या आहेत. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावात असे किती परवाने आहेत ते विचारा, आणि त्या शाळेत व्यसनी बापांची किती मुले शिकतात हे मुख्याध्यापकांना एकांतात विचारा. नावे नकोत, आकडा पुरे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून परवान्याच्या नूतनीकरणावर हरकत घेता येते.